मोठ्या संस्थांमधील अनेक आयटी सेवा पुरवठादारांचे व्यवस्थापन : बाजाराचा कल आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटा सेंटर एका कंपनीकडे, नेटवर्क दुसरीकडे, ॲप्लिकेशनची देखभाल तिसरीकडे, हेल्पडेस्क चौथीकडे आणि या सगळ्यांच्या जोडीला डझनावारी क्लाउड सेवा, अशी रचना आता बहुतेक मोठ्या संस्थांमध्ये दिसते. अशा संस्थांच्या आयटी, खरेदी, वित्त आणि लेखापरीक्षण विभागांकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बाजार कोणत्या दिशेने चालला आहे हे सांगताना, त्या दिशेने जावे की नाही याविषयीचे मतही जागोजागी स्पष्टपणे मांडले आहे.

व्हेंडर मॅनेजमेंट आणि सेवा एकत्रीकरण यांत फरक काय?

व्हेंडर मॅनेजमेंटमध्ये एका वेळी एकाच करारावर लक्ष असते. बिल बरोबर आहे का, एसएलए, म्हणजे सेवेच्या दर्जाची करारातली हमी, पाळला गेला का, नूतनीकरण कधी आहे, हे त्यातले नेहमीचे प्रश्न. सेवा एकत्रीकरणात लक्ष असते ते दोन करारांच्या मधल्या जागेवर. पगाराची प्रक्रिया असो किंवा ग्राहकाचे ऑनलाइन पेमेंट, वापरकर्त्याला मिळणारी सेवा कोणत्याही एका पुरवठादाराच्या हद्दीत पूर्ण होत नाही; ती चार-पाच जणांच्या हद्दी ओलांडत जाते, आणि सगळ्यात अवघड बिघाड नेमके या हद्दींवर होतात.

या कामाची पद्धतशीर मांडणी ब्रिटनच्या सार्वजनिक क्षेत्रात २००५ च्या सुमारास सुरू झाली. तिला सर्व्हिस इंटिग्रेशन अँड मॅनेजमेंट, म्हणजेच सायम, हे नाव मिळाले आणि २०१६ मध्ये तिचे ज्ञानसंकलन आणि एक्झिन या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्र परीक्षाही आली. या मांडणीत तीन स्तर आहेत. वरच्या स्तरावर ग्राहक संस्था, मधल्या स्तरावर सेवा एकत्रक आणि खालच्या स्तरावर प्रत्यक्ष सेवा देणारे पुरवठादार. मधला स्तर कोणी सांभाळावा याच्या चार रचना सांगितल्या जातात. तो संस्थेने स्वतः सांभाळावा, बाहेरच्या कंपनीला द्यावा, दोघांनी मिळून सांभाळावा किंवा पुरवठादारांपैकीच एकाला प्रमुख करावे. या विषयावरचे बहुतेक वाद या एका निवडीभोवतीच फिरतात.

सगळे काम एकाच कंपनीला देण्याची पद्धत मागे का पडली?

ईस्टमन कोडॅकने १९८९ मध्ये आपली डेटा सेंटर आयबीएमकडे सोपवली, तेव्हापासून मोठ्या आउटसोर्सिंगचा काळ सुरू झाला असे मानतात. त्याच वेळी कोडॅकने दूरसंचाराचे काम डीईसीला आणि वैयक्तिक संगणकांचे काम बिझनेसलँडला दिले होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. म्हणजे एकाहून अधिक पुरवठादार हा प्रकार आउटसोर्सिंगइतकाच जुना आहे. पुढच्या दशकात मात्र दीर्घ मुदतीचे, एकाच कंपनीला दिलेले प्रचंड करार रूढ झाले. त्यांतली अडचण लवकरच दिसू लागली. व्यवसाय बदलतो, विलीनीकरणे होतात आणि करार मात्र सही झाली त्या दिवशीच्या जगाला बांधलेला राहतो. जेपी मॉर्गन चेसने २००२ मध्ये आयबीएमबरोबर सात वर्षांचा सुमारे ५०० कोटी डॉलरचा करार केला आणि बँक वनशी विलीनीकरण झाल्यावर २००४ मध्येच तो रद्द करून काम परत घरात आणले.

त्यानंतर तुकडे करून काम देण्याची लाट आली. एबीएन ॲम्रो बँकेने २००५ मध्ये सुमारे १८० कोटी युरोचे काम आयबीएम, ॲक्सेंच्युअर, इन्फोसिस, टीसीएस आणि पटणी या पाच कंपन्यांत वाटले. जनरल मोटर्सने २००६ मध्ये असेच अनेक कंपन्यांशी करार केले आणि सर्वांनी एकाच प्रकारच्या कार्यपद्धतीने काम करावे असा आग्रह धरला. पण २०१२ मध्ये याच जनरल मोटर्सने दिशा उलटी केली आणि सुमारे नव्वद टक्के बाहेर असलेले काम तितक्याच प्रमाणात आत आणण्याची योजना जाहीर केली. एकच पुरवठादार, अनेक पुरवठादार आणि स्वतःचे मनुष्यबळ या तीन टोकांमध्ये बाजार फिरत राहतो, त्यामुळे आजचा कल म्हणजे कायमचा निष्कर्ष असे समजून दहा वर्षांचा निर्णय घेऊ नये.

या बाजाराचा आकार किती आहे?

गार्टनरच्या अंदाजानुसार २०२५ मध्ये जगभरातला एकूण आयटी खर्च ५ लाख कोटी डॉलरच्या पुढे आहे आणि त्यातला आयटी सेवांचा वाटा दीड लाख कोटी डॉलरहून अधिक आहे. या दुसऱ्या आकड्याच्या पोटात आपला विषय येतो. त्याहून बारीक आकडे देणारे बाजार अहवाल वाचताना सावध राहावे, कारण कोणी त्यात फक्त एकत्रकाची फी धरतो, कोणी टूलचे परवाने मिळवतो, तर कोणी सगळ्या व्यवस्थापित सेवाच त्यात घालतो. व्याख्या बदलली की वार्षिक वाढीचा दरही बदलतो. संचालक मंडळापुढे असा आकडा ठेवायचाच असेल, तर त्यात काय धरले आहे हे त्याच ओळीत लिहावे. निर्णयासाठी मात्र बाजाराच्या आकारापेक्षा स्वतःच्या करारांची यादी कितीतरी अधिक उपयोगी पडते.

मागणी वाढण्याची खरी कारणे कोणती?

पहिले कारण क्लाउड आणि सास, म्हणजे इंटरनेटवरून वर्गणीने मिळणारे सॉफ्टवेअर. पूर्वी नवा पुरवठादार यायचा तर निविदा, वाटाघाटी आणि कायदा विभागाची मंजुरी लागत असे. आता एखादा विभागप्रमुख कार्डाने पैसे भरून नवी सेवा सुरू करतो आणि सहा महिन्यांनी ती सेवा ग्राहकांच्या माहितीशी जोडलेली असल्याचे लेखापरीक्षकाला आढळते. दुसरे कारण म्हणजे नियामकांचा दबाव, ज्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

तिसरे कारण कमी चर्चिले जाते, पण माझ्या मते तेच सर्वांत निर्णायक आहे. पुरवठादारच स्थिर राहिलेले नाहीत. सीएससी आणि ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझचा सेवा विभाग एकत्र येऊन २०१७ मध्ये डीएक्ससी झाली. आयबीएमचा पायाभूत सेवांचा व्यवसाय २०२१ मध्ये किंड्रिल म्हणून वेगळा झाला. एटॉसला २०२४ मध्ये मोठ्या आर्थिक पुनर्रचनेतून जावे लागले. व्हीएमवेअर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमकडे गेल्यावर परवान्यांची पद्धत बदलली आणि अनेक ग्राहकांना आपल्या पायाभूत यंत्रणेचा हिशेब नव्याने मांडावा लागला. यांपैकी एकही निर्णय ग्राहक संस्थांनी घेतलेला नव्हता, पण त्याचे परिणाम सगळे त्यांच्या अंगावर आले. पुरवठादार बदलण्याची क्षमता ही आता तातडीच्या प्रसंगापुरती ठेवण्याची गोष्ट राहिलेली नाही, ती नेहमीच्या कारभाराचा भाग झाली आहे, आणि ती क्षमता ज्याच्याकडे एकत्रीकरणाची शिस्त आहे त्याच्याकडेच असते.

नियामक यात किती लक्ष घालत आहेत?

फार. युरोपीय संघाचा डोरा हा नियम १७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार वित्तीय संस्थांना आयटी पुरवठादारांशी असलेल्या सगळ्या करारांची नोंदवही ठेवावी लागते, उपकंत्राटांची साखळी दाखवावी लागते, एकाच पुरवठादारावर किती भार एकवटला आहे याचा विचार करावा लागतो आणि महत्त्वाच्या सेवांसाठी बाहेर पडण्याची योजना तयार ठेवावी लागते. सेवा बाहेर दिली तरी जबाबदारी पूर्णपणे संस्थेचीच राहते, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. वित्तीय क्षेत्रासाठी अत्यावश्यक ठरणाऱ्या पुरवठादारांची पहिली यादीही युरोपीय पर्यवेक्षकांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केली. ब्रिटनची अशीच व्यवस्था १ जानेवारी २०२५ पासून, ऑस्ट्रेलियाचा सीपीएस २३० हा नियम १ जुलै २०२५ पासून आणि भारतीय रिझर्व्ह बँकेचे आयटी सेवा आउटसोर्सिंगविषयीचे निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आले आहेत.

ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे प्रकरण या संदर्भात प्रत्येकाने समजून घ्यावे. एप्रिल २०१८ मध्ये बँकेने आपली संपूर्ण यंत्रणा नव्या प्लॅटफॉर्मवर हलवली. खात्यांची माहिती व्यवस्थित पोहोचली, पण प्लॅटफॉर्म कोलमडला आणि असंख्य ग्राहकांना आपली खाती वापरता येईनात. प्लॅटफॉर्म उभारणारी साबिस ही कंपनी बँकेच्याच समूहातली होती आणि तिचे काम पुढे अनेक उपपुरवठादारांवर अवलंबून होते. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला एकूण ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्यांनाही वैयक्तिकरीत्या ८१,६२० पौंडांचा दंड झाला, कारण पुरवठादाराने दिलेल्या तयारीच्या हमीची खातरजमा करण्यासाठी त्यांनी पुरेशी पावले उचलली नव्हती. पुरवठादाराचे ‘आम्ही तयार आहोत’ हे पत्र फाइलला लावले म्हणजे खातरजमा झाली, असा समज ज्यांचा अजूनही आहे, त्यांनी हा आदेश मुळातून वाचावा.

प्रत्येक पुरवठादाराचा एसएलए पाळला जातो, तरी वापरकर्ते नाराज का असतात?

याचे एक उत्तर साध्या गणितात आहे. एखादी सेवा एकामागे एक अशा चार पुरवठादारांमधून जाते आणि प्रत्येकाने ९९.५ टक्के उपलब्धतेची हमी दिली आहे असे धरू. एकट्याचा हिशेब केला तर तीस दिवसांच्या महिन्यात जेमतेम साडेतीन तासांहून थोडा अधिक खंड मान्य आहे. पण चौघांचे बिघाड वेगवेगळ्या वेळी झाले, तर वापरकर्त्याला मिळणारी उपलब्धता ९८ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे महिन्यात चौदा तासांहून अधिक खंड. कोणीही करार मोडलेला नाही, कोणालाही दंड नाही आणि सेवा मात्र जवळजवळ दोन पूर्ण कामकाजाचे दिवस बंद आहे. वरून हिरवे आणि आतून लाल अशा या अहवालांना व्यवसायात कलिंगड म्हणतात आणि ते नाव अगदी नेमके आहे.

दुसरे उत्तर प्रत्यक्ष प्रसंगातच दिसते. महिनाअखेरीची रात्र आहे, सव्वादोन वाजता पेमेंटची फाइल अडकते आणि ब्रिज कॉल, म्हणजे सगळ्या पुरवठादारांचा एकत्र कॉल, सुरू होतो. ॲप्लिकेशनवाले सांगतात की त्यांच्या लॉगमध्ये फक्त कनेक्शन नाकारल्याची नोंद आहे. नेटवर्कवाले पिंग चालत असल्याचे दाखवतात. क्लाउडवाल्यांचा डॅशबोर्ड हिरवा आहे. सुरक्षावाले म्हणतात की कालपासून फायरवॉलवर एकही बदल झालेला नाही. तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, तीन वेळा एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाते, दर वेळी प्रतिसादाचे घड्याळ नव्याने सुरू होते, आणि पहाटे साडेपाचला कोणीतरी सर्व्हरांमध्ये भार वाटणाऱ्या लोड बॅलन्सरवरच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत मध्यरात्री संपल्याचे शोधून काढते. ते प्रमाणपत्र विकत घेण्याचे काम एकाकडे होते, बसवण्याचे दुसऱ्याकडे; मुदतीवर लक्ष ठेवण्याचे काम मात्र कोणत्याच करारात नव्हते. या बिघाडासाठी कोणालाही दंड करता येत नाही, कारण कोणीही काही चुकवलेले नाही. संस्थेने स्वतः ते काम कोणाला दिलेच नव्हते.

म्हणून मोजमाप सेवेच्या टोकापासून टोकापर्यंत हवे. पुरवठादाराचा एसएलए जरूर ठेवावा, पण अहवालाच्या पहिल्या पानावर पेमेंट वेळेवर गेले का, पगार झाला का, दुकानातले बिलिंग चालू होते का, हेच असावे. तिकीट किती वेळा इकडून तिकडे फिरले हा आकडाही दर महिन्याला पाहावा, कारण पुरवठादारांमधले सहकार्य प्रत्यक्षात कसे आहे हे त्याच्याइतके प्रामाणिकपणे दुसरा कोणताही आकडा सांगत नाही.

एकत्रकाची भूमिका बाहेरच्या कंपनीला द्यावी की स्वतःकडे ठेवावी?

विकणारे साहजिकच बाहेर देण्याच्या बाजूने बोलतात आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. तयार कार्यपद्धती, तयार टूल, चोवीस तास काम करणारी माणसे आणि इतर ग्राहकांकडून आलेला अनुभव, हे सगळे स्वतः उभे करायला दोन-तीन वर्षे लागतात. तरीही माझे मत ठाम आहे की एकत्रीकरणातले कष्टाचे काम बाहेर द्यावे आणि निर्णयाचे काम आत ठेवावे. मेजर इन्सिडेंट, म्हणजे मोठ्या बिघाडाचा प्रसंग, चालवणे, अहवाल जुळवणे, बदलांचे वेळापत्रक सांभाळणे, सीएमडीबी, म्हणजे यंत्रणेतल्या घटकांची नोंदवही, अद्ययावत ठेवणे, ही कामे चांगला भागीदार उत्तम करतो. पण कोणत्या पुरवठादाराला काय मिळावे, वाद झाला तर कोणाचे म्हणणे ग्राह्य धरावे, रचना कशी असावी आणि कोणता धोका पत्करावा, हे ठरवणारी माणसे संस्थेच्या पगारावर असली पाहिजेत. ती माणसे कमी असली तरी चालतील, पण त्यांना तांत्रिक बाजू कळलीच पाहिजे. आउटसोर्सिंगच्या उत्साहात ज्या संस्थांनी आपल्याकडचे शेवटचे आयटी वास्तुरचनाकार आणि अनुभवी अभियंतेही पुरवठादाराकडे पाठवले, त्यांना पुढे पुरवठादाराचे अंदाजपत्रक तपासण्यासाठी दुसरा सल्लागार नेमावा लागतो.

दुसरा मुद्दा हितसंबंधांचा. एकत्रक आणि प्रत्यक्ष सेवा पुरवठादार एकच असेल, तर तो स्वतःच्याच कामाचा परीक्षक होतो. ब्रिटिश सरकारने जानेवारी २०१४ मध्ये आपल्या आयटी करारांसाठी ज्या मर्यादा घातल्या, त्यांत १० कोटी पौंडांहून मोठा करार सहसा करायचा नाही आणि शासनाच्या एकाच भागात सेवा देणे व त्या सेवांचे एकत्रीकरण करणे ही दोन्ही कामे एकाच कंपनीला द्यायची नाहीत, अशा अटी होत्या. पण त्याच सरकारच्या डिजिटल विभागाने २०१५ मध्ये, सेवा उभ्या खांबांत वाटून त्यांवर बाहेरचा एकत्रक बसवण्याच्या प्रचलित पद्धतीलाही विरोध केला. त्यांचा आक्षेप असा होता की या पद्धतीत संस्था आपली जबाबदारीच बाहेर देऊन बसते. मला तो आक्षेप आजही तितकाच योग्य वाटतो.

अधिकाराविना नेमलेला एकत्रक हा या क्षेत्रातला सर्वांत वारंवार दिसणारा दोष आहे. बाकीच्या पुरवठादारांच्या करारात ‘एकत्रकाच्या सूचना पाळणे बंधनकारक राहील’ अशी तरतूद नसेल, तर तो कितीही कुशल असला तरी बैठकांच्या नोंदी लिहिणारा होऊन बसतो.

करारांमध्ये कोणत्या गोष्टी असायलाच हव्यात?

‘पुरवठादार इतर पुरवठादारांना वाजवी सहकार्य करील’ हे वाक्य जवळपास प्रत्येक करारात असते आणि वाद झाल्यावर त्याचा काहीही उपयोग होत नाही. त्याऐवजी सहकार्य म्हणजे काय हे लिहावे. ब्रिज कॉलवर किती मिनिटांत यायचे, निर्णय घेऊ शकणारी व्यक्ती पाठवायची की नाही, लॉग कोणत्या स्वरूपात आणि किती वेळात द्यायचे, दुसऱ्याच्या आरसीएमध्ये, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाच्या शोधात, कोणती माहिती पुरवायची, हे सगळे स्पष्ट हवे. आधी बिघाड दुरुस्त करायचा आणि खर्च कोणाचा हे नंतर ठरवायचे, हे तत्त्व कलम म्हणून सगळ्या करारांत एकाच शब्दांत असावे. बिघाडाची वेळ, तीव्रतेच्या पातळ्या आणि घड्याळ कधी थांबते याच्या व्याख्याही सगळीकडे सारख्याच असाव्यात. पुरवठादारांमधले ओएलए, म्हणजे आपापसातल्या कामाच्या हमी, वरच्या एसएलएशी जुळवून घ्यावेत, नाहीतर चार तासांत सेवा सुरू करण्याचे वचन दिलेले असते आणि आतला एक टप्पाच आठ तासांचा असतो.

दंडाबाबत थोडा वेगळा विचार करावा. प्रत्येकाला वेगळा दंड लावला की प्रत्येक जण आपली हद्द राखतो. मासिक मोबदल्याचा काही भाग टोकापासून टोकापर्यंतच्या निकालावर ठेवला आणि तो सर्वांना एकत्रच मिळेल किंवा मिळणार नाही असे ठरवले, तर बैठकांचा सूर बदलतो. पुरवठादार याला सुरुवातीला विरोध करतात, कारण दुसऱ्याच्या चुकीची झळ त्यांना बसते. म्हणून हा भाग छोटा ठेवावा आणि चुकीचे कारण संस्थेकडे असेल तेव्हा तो लागू होणार नाही हेही लिहावे.

सर्वांनी एकच टूल वापरावे का?

तिकिटांची अधिकृत नोंद एकाच ठिकाणी आणि संस्थेच्या मालकीची असावी. सर्व्हिसनाऊ, बीएमसी हेलिक्स, जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट यांपैकी कोणते टूल घ्यायचे हा त्यामानाने दुय्यम प्रश्न आहे. मोठे पुरवठादार स्वतःचे टूल सोडत नाहीत, त्यामुळे दोन टूलमध्ये स्वयंचलित जोडणी करावीच लागते, आणि ती करताना तीव्रतेच्या पातळ्या, स्थितीची नावे व जोडलेल्या फाइली दोन्ही बाजूंना नीट पोहोचतात का हे प्रत्यक्ष तपासून पाहावे. परवाना पुरवठादाराच्या नावावर असेल, तर करार संपताना अनेक वर्षांच्या तिकिटांचा इतिहासही त्याच्याबरोबर जातो.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे या बाजारात काय बदलेल?

तिकिटांचे वर्गीकरण, आधीच्या बिघाडांशी तुलना, ब्रिज कॉलचा सारांश आणि आरसीएचा कच्चा मसुदा, ही कामे आताच मोठ्या प्रमाणात यंत्राकडून होऊ लागली आहेत. पुढचा टप्पा एजंटचा, म्हणजे स्वतःहून कामे पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रामचा, आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या एजंटांना साधने आणि एकमेकांशी जोडण्यासाठी खुल्या पद्धतीही आल्या आहेत. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणि गूगलने एप्रिल २०२५ मध्ये एजंट-टू-एजंट प्रोटोकॉल जाहीर केला. मात्र यंत्रांना एकमेकांशी बोलता आले म्हणून करारांतल्या फटी बुजत नाहीत. प्रमाणपत्राची मुदत पाहणे कोणाचे काम आहे हे जर कुठेच लिहिलेले नसेल, तर एजंटही ते तिकीट चार रांगांमध्ये फिरवेल, फक्त अधिक वेगाने.

व्यावसायिक बाजूने पाहिले तर बदल मोठा आहे. ज्या करारात मोबदला माणसांच्या संख्येवर किंवा तिकिटांच्या संख्येवर ठरतो, तिथे स्वयंचलनामुळे पुरवठादाराचे उत्पन्न घटते. साहजिकच त्याला ते मनापासून करावेसे वाटत नाही, किंवा त्यातली बचत तो स्वतःकडे ठेवतो. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी बचतीची वाटणी, दरवर्षी किती दर कमी होणार, आणि संस्थेच्या तिकिटांवर शिकवलेले मॉडेल व ज्ञानलेख कोणाच्या मालकीचे, हे तीन मुद्दे लेखी ठरवावेत. एका पुरवठादाराचा एजंट दुसऱ्याच्या हद्दीतल्या यंत्रणेत बदल करू शकणार असेल, तर त्याला स्वतंत्र ओळख, मर्यादित परवानगी आणि माणसाइतक्याच कडक नोंदी लागू असाव्यात.

पुरवठादार जास्त म्हणजे सुरक्षा कमी, हे खरे आहे का?

प्रत्येक पुरवठादार म्हणजे आत येण्याचा एक मार्ग, हे खरेच आहे. टार्गेट या अमेरिकी दुकान साखळीवर २०१३ मध्ये झालेल्या हल्ल्यात सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली, आणि हल्लेखोर आत आले होते ते वातानुकूलन यंत्रणेच्या कंत्राटदाराचे लॉगिन वापरून. पण संख्या कमी केली की धोका संपतो असेही नाही. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे १९ जुलै २०२४ रोजी जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. काम वेगवेगळ्या कंपन्यांना दिलेले असले तरी त्या सगळ्यांकडे तेच सॉफ्टवेअर असू शकते. शिवाय बरीचशी यंत्रे हाताने सुरू करावी लागली आणि त्यासाठी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची रिकव्हरी की हवी होती. जिथे यंत्रे एकाकडे आणि ओळख-व्यवस्थापन दुसऱ्याकडे असते, तिथे की मिळवायलाच तास जातात. करारांच्या यादीबरोबर त्या करारांखाली वापरल्या जाणाऱ्या समान तंत्रज्ञानाची यादीही म्हणूनच ठेवावी लागते.

पुरवठादार अचानक बंद पडला तर?

ब्रिटनमधील टूईटू ही कंपनी २०१३ च्या सुरुवातीला दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्या डेटा सेंटरवर अवलंबून असलेल्या ग्राहकांकडे प्रशासकांनी सेवा चालू ठेवण्यासाठी पैसे मागितले. माहिती ताबडतोब हलवणे बहुतेकांना शक्य नव्हते. बाहेर पडण्याची योजना कागदावर असणे आणि ती पार पाडता येणे यांत हा एवढा फरक आहे. वर्षातून एकदा तरी एखाद्या छोट्या सेवेची प्रत्यक्ष अदलाबदल करून पाहावी. पासवर्ड कुणाकडे आहेत, डोमेन कोणाच्या नावावर आहे, बॅकअप दुसऱ्या ठिकाणी उघडतो का, हे तेव्हाच कळते.

येत्या काही वर्षांत पुरवठादारांची संख्या वाढेल की घटेल?

दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडताना दिसतील. मोठ्या सेवा करारांची संख्या अनेक संस्था कमी करत आहेत, कारण दहा पुरवठादार सांभाळण्याचा खर्च त्यांच्यातल्या स्पर्धेतून होणाऱ्या बचतीपेक्षा अधिक होऊ लागला आहे. त्याच वेळी सास आणि एआय सेवांची छोटी छोटी वर्गणी वाढतच आहे. तिसरीकडे, जागतिक कंपन्या स्वतःची क्षमता केंद्रे, म्हणजे त्यांचेच काम करणारी त्यांच्याच मालकीची केंद्रे, उभारत आहेत. नॅसकॉम आणि झिनोव्ह यांच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतातच अशी १,७०० हून अधिक केंद्रे आणि त्यांत सुमारे १९ लाख कर्मचारी आहेत. या केंद्रांना आतला पुरवठादार म्हणून वागवावे, असा माझा आग्रह आहे. आपलेच लोक म्हणून त्यांना एसएलए आणि ओएलएमधून वगळले की सगळे मोजमाप तिथेच तुटते, आणि बाहेरच्या पुरवठादारांना सबब मिळते.

एकत्रीकरणावर खर्च किती धरावा?

याला एक ठरावीक टक्केवारी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. खर्चात एकत्रकाची फी, टूलचे परवाने, जोडण्यांची देखभाल, आतल्या चमूचा पगार आणि पुरवठादार बदलताना दोघांना एकदम द्यावे लागणारे काही महिन्यांचे पैसे धरावेत. शेवटची बाब अंदाजपत्रकातून हमखास सुटते.

आतल्या चमूत कोणती माणसे हवीत?

सेवेचा मालक, वास्तुरचनाकार, करार समजणारा व्यावसायिक व्यवस्थापक, मेजर इन्सिडेंट हाताळलेला अनुभवी माणूस आणि आकडे स्वतः तपासू शकणारा विश्लेषक. आयटीआयएल (आयटी सेवा व्यवस्थापनाची प्रचलित मांडणी) किंवा सायमचे प्रमाणपत्र असणे चांगले, पण रात्री तीनच्या कॉलवर चार कंपन्यांच्या माणसांना एकमेकांवर ढकलणे थांबवून कामाला लावण्याचा अनुभव त्याहून मोलाचा आहे.

आमचे मुख्य करार दीड वर्षात संपत आहेत. सुरुवात कुठून करावी?

आरएफपीपासून, म्हणजे पुरवठादारांकडून प्रस्ताव मागवण्यापासून, करू नये. आधी व्यवसायाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आठ-दहा सेवा निवडाव्यात आणि प्रत्येक सेवा पहिल्या क्लिकपासून शेवटच्या नोंदीपर्यंत कोणाकोणाच्या हद्दीतून जाते हे एका कागदावर काढावे. त्या कागदावर प्रत्येक हद्दीपाशी जबाबदार व्यक्तीचे नाव लिहावे. जिथे नाव लिहिता येत नाही, ती जागा लाल शाईने खुणावून ठेवावी. नव्या करारांच्या कामाच्या व्याप्तीत सर्वांत आधी त्याच जागा भराव्यात. मग गेल्या वर्षभरातले मोठे बिघाड घेऊन ते याच लाल जागांवर झाले होते का हे पाहावे. हे काम सल्लागाराला देण्याचा मोह होतो, पण निदान पहिला नकाशा आतल्या माणसांनी काढावा, कारण तो काढतानाच संस्थेला आपल्याकडे काय ज्ञान उरले आहे हे उमगते.

त्यानंतर एकत्रकाची रचना ठरवावी, आणि तो नेमून झाल्यावरच बाकीचे करार त्याच्या अधिकारासह पुन्हा लिहावेत. प्रत्येक जुन्या पुरवठादाराच्या केटीसाठी, म्हणजे ज्ञान हस्तांतरणासाठी, किमान तीन महिने हातात ठेवावेत आणि शेवटच्या हप्त्याचा काही भाग त्या कामाच्या पूर्ततेशी बांधावा. या क्रमाला एकच अपवाद आहे. बऱ्याच करारांत आपोआप नूतनीकरण होते आणि ते थांबवायची सूचना मुदतीच्या सहा-सहा महिने आधी द्यावी लागते. ती तारीख उलटली की वाटाघाटीची जागाच राहत नाही, म्हणून सर्व करारांतल्या सूचनेच्या तारखा काढून त्या आजच कॅलेंडरमध्ये टाकाव्यात.